या महिन्याची चूक

हरेश,

अंक अडकलाय. पुढचं पान लावून झालं, मागचंही जवळजवळ झालं. फक्त मागच्या पानावरची खालची चौकट रिकामी आहे आणि मी सकाळपासून दुकानात बसून तिच्याकडे बघतोय. मध्येच गिऱ्हाईक येतं, आधार कार्डाची झेरॉक्स मागतं. एका बाईंना मी त्यांच्या आधीच्या माणसाची झेरॉक्स दिली आणि त्या बिचाऱ्या तलासरीपर्यंत जाऊन परत आल्या. तू असतास तर बाकावर बसून हसला असतास आणि म्हणाला असतास, "वसंता, घाल ही अंकात."

तू नाहीस. बावीस दिवस झाले. सकाळी घड्याळांचं दुकान उघडलंस, समोर चहा सांगितलास आणि चहा यायच्या आत खुर्चीतच गेलास. चहावाला मला बोलवायला आला तेव्हा मी त्याच्यावरच खेकसलो, की असलं काही बोलू नकोस. मग धावलो. आपल्या दोन दुकानांच्या मध्ये फक्त दोन शटरं आहेत, पण त्या दिवशी ते अंतर संपेना.

तुझ्या जाण्याची बातमी पुढच्या पानावर चार ओळींत दिली आहे. जन्म कधी, शिक्षण किती, असलं काही घातलेलं नाही. तुला ते आवडलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला ते लिहायला बसवेना. रविवारची वेवजीची कार्यशाळा होणार आहे, हेही छापलंय. तो सुनीता मॅडमचा हट्ट. त्यांनी शाळेतून फोन केला आणि रडत रडत विचारलं, "पाटीलकाका, मुलांना काय सांगू? डबा येणार ना?" मी म्हटलं, येणार. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की डबा तर तुझ्या दुकानात आहे आणि त्या दुकानात पुन्हा पाय ठेवायची माझी छाती होत नाही.

तू मला एक गोष्ट पक्की शिकवलीस. "नव्या माणसाला कळेल असं लिही. जुन्यांना सगळं ठाऊकच असतं." म्हणून हा अंक पहिल्यांदाच हातात घेणाऱ्याला थोडं सांगतो. तू जरा दम धर.

'जुळणी' हे आपलं दोन पानी पत्रक. महिन्यातून एकदा निघतं, जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचं वेड लागलेल्या माणसांसाठी. कुठे फिल्मचे रोल मिळतायत, कुणाच्या माळ्यावर आजोबांचा कॅमेरा सापडला, कुणाचं शटर अडकलंय, पुढची कार्यशाळा कुठे. तू मजकूर सांगायचास, मी टाइप करून, छापून, पाकिटांत भरायचो. पालघरपासून वलसाडपर्यंत जायचं आणि तिकडे पार नाशिकपर्यंत. तुझा हात घड्याळजीचा. मुंबईच्या दुकानांनी भंगार म्हणून परत केलेले कॅमेरे तुझ्या टेबलावर पुन्हा चालायला लागायचे. मी तुझा शेजारी, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोवाला. दिवसभर डिजिटलवर लोकांचे कान दिसतील असे फोटो काढायचे आणि रविवारी तुझ्यामागे कॅमेरा लटकवून हिंडायचं, हे माझं आयुष्य. चांगलं आयुष्य होतं ते, हरेश.

आता कॅमेऱ्याबद्दल. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारं भिंग वेगळं. खिडकीला डोळा लावला की मधोमध एक छोटा उजळ चौकोन दिसतो आणि त्यात समोरचं माणूस दोनदा दिसतं. भिंगाची कडी फिरवत राहायचं. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नीट बसल्या की फोकस झालं. उंबरगावचे ते शेठ आठवतात? वडिलांचा कॅमेरा घेऊन आले आणि तावातावाने म्हणाले, "हरेशभाई, आमां तो बधुं बे-बे देखाय छे!" सगळं दोन-दोन दिसतं, ही तक्रार. तू शांतपणे, तेच तर बघायचंय अशा सुरात म्हणालास, "शेठ, ए ज तो जोवानुं छे." मग अर्धा तास त्यांना रस्त्यावर उभं करून समोरच्या चिकूच्या गाडीवर फोकस करायला लावलंस. जाताना ते एवढे खूश होते, की गाडीवरचे निम्मे चिकू घेऊन गेले.

पण खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, यात एक घोळ आहे. भिंगावर कॅप तशीच राहिली तरी खिडकीतून सगळं छान दिसतं. माणूस खुशाल छत्तीस फोटो काढतो आणि फिल्मवर काहीच उमटत नाही. आपल्यातल्या प्रत्येकाने ही चूक कधी ना कधी केलेली असते. म्हणून तुझा तो डबा, चिकूच्या चिप्सचा. कार्यशाळा सुरू झाली की तू तो सगळ्यांपुढे फिरवायचास आणि प्रत्येकाने आपली कॅप त्यात टाकायची. ती परत मिळायची थेट संध्याकाळी. रेती उडो, शिंतोडे येवोत, मध्ये मागायची नाही. सुनीता मॅडम एकदा म्हणाल्या, "सर, भिंग खराब होईल ना." तू म्हणालास, "भिंग पुसता येतं, मॅडम." पुढे काहीतरी येणार होतं, पण तू थांबलास. मी चप्पल शोधायचं निमित्त करून बाहेर गेलो.

आणि तिसरी गोष्ट ही चौकट. 'या महिन्याची चूक'. दर अंकात कुणीतरी आपली एक चूक लिहून द्यायची. नियम तुझे. काय चुकलं ते आधी. निगेटिव्ह बघून ती चूक कशी ओळखायची ते त्यानंतर. आणि खाली नाव, पूर्ण. काय काय पाठवलं लोकांनी! एकाने फिल्म चक्रीत न अडकवताच भाच्याचा अख्खा साखरपुडा काढला. सुनीता मॅडमनी रोल आत आहे की नाही हे बघायला भर उन्हात कॅमेऱ्याचं दार उघडलं. लोक आधी चौकट वाचायचे आणि मग बातम्या.

अंक छापण्यावरून आपला केवढा वाद. मी म्हणायचो, आता कागद कशाला, फोनवर पाठवू, चूक राहिली तर लगेच दुरुस्त करता येईल. तू म्हणायचास, "म्हणूनच कागद. छापलेलं परत घेता येत नाही." तीन वर्षं आपण यावर भांडलो आणि कुणीच हरलं नाही. तो वाद मी आज सोडून देतो. तू जिंकलास, का ते पुढे कळेल.

सात वर्षं ही चौकट चालली आणि सात वर्षांत माझी चूक एकदाही आली नाही. दर महिन्याला मजकूर देऊन झाला की तू चष्मा कपाळावर सारायचास आणि विचारायचास, "या वेळी तुझी घालू या का, वसंता?" मी दर महिन्याला म्हणायचो, "मी चुकतच नाही." मग आपण दोघं हसायचो. मला वाटायचं, ही आपली गंमत आहे.

आता सात वर्षांपूर्वीचा झाईचा दिवस लिहितो. त्याशिवाय ही चौकट भरणार नाही.

कमलवहिनींचं दुखणं तेव्हा शेवटाला आलं होतं. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं आणि वहिनींनी एकच मागितलं, की एकदा माहेरी, झाईला जाऊन येऊ. तुमची रेश्मा वापीहून आली. तिने आईचे केस विंचरले, अबोलीचा गजरा माळला. बोंबील वाळत घालायच्या बांबूंजवळ वहिनींची खुर्ची ठेवली. मोठ्या आवाजात भाऊ, भावजया, सगळ्यांची चौकशी चालली होती. आजारी कोण आणि भेटायला आलेले कोण, हे बाहेरच्याला ओळखता आलं नसतं.

लग्न झाल्यापासून तू कायम कॅमेऱ्याच्या मागे. म्हणून तुम्हा दोघांचा एकत्र फोटो लग्नातला एकच, आणि त्यातही तुझे डोळे मिटलेले. त्या दिवशी तू तुझा कॅमेरा माझ्या गळ्यात घातलास. "आज मी समोर. तू काढ." रेश्माने मोबाइल काढला तर तू तिला थांबवलंस. "आज फोन नको गं. फोन बघितला की तुझी आई ओठ आवळून बसते. वसंता काढतोय ना." तिने फोन पर्समध्ये टाकला. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, माझे दात दिसू देऊ नका हां, पुढचा एक पडलाय." आणि लगेच तोंडभर हसल्या.

मी छत्तीस फोटो काढले. एवढं मन लावून मी आयुष्यात काही केलं नसेल. प्रत्येक वेळी उजळ चौकोनात वहिनींचे दोन चेहरे दिसायचे आणि मी ते हळूहळू एकावर एक आणायचो. डोळ्यांत पाणी यायचं, पुसायचो, परत खिडकीला डोळा लावायचो.

रोल संपला. गुंडाळला, काढला, तुझ्या हातात दिला. वहिनी दमल्या होत्या. तू आणि रेश्मा त्यांना दोन्ही बाजूंनी धरून रिक्षाकडे निघालात. मी कॅप लावायला खिशात हात घातला. नव्हती. दुसऱ्या खिशातही नव्हती. मग कॅमेरा फिरवून बघितला. कॅप भिंगावरच होती. सकाळी तू कॅमेरा माझ्या गळ्यात घातलास तेव्हापासून ती तिथेच होती.

तुम्ही पन्नास पावलांवर होता, हरेश. तुझ्या पिशवीत दुसरा रोल होता. मला माहीत होतं, कारण मीच तो आणला होता. ऊन चांगलं होतं. मी फक्त हाक मारायची होती. हरेश, थांब. दहा मिनिटांत सगळं झालं असतं, वहिनी परत खुर्चीत बसल्या असत्या, मला चार शिव्या देऊन हसल्या असत्या. मी हाक मारली नाही. मला लाज वाटली. तुझ्या सासरच्या माणसांसमोर, वहिनींसमोर, तासाभरापूर्वीच मी बढाई मारली होती, की माझा हात हरेशपेक्षा स्थिर आहे. मनाशी म्हटलं, वहिनी दमल्यात, पुढच्या रविवारी परत येऊ. आणि मग मी काय केलं ते तुला कधीच कळलं नसेल. मी कॅप काढली, खिशात टाकली, पुन्हा खिशातून काढली आणि भिंगावर लावली. कुणी बघत असेल तर त्याला दिसावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या दुकानात आलास. म्हणालास, "वसंता, रोल गेला. कोरा आला." मी हातातले कागद नीट लावत राहिलो. तू माझ्याकडे बघत उभा राहिलास, बराच वेळ. मग म्हणालास, "फिल्म धुवायचं औषध जुनं झालं होतं. मीच बघायला हवं होतं. माझी चूक."

मी म्हणालो, "जाऊ दे."

माझ्या चुकीबद्दल मी तुला माफ केलं, हरेश. वर तुझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या रविवारी वहिनी हॉस्पिटलात होत्या. अंथरुणावरचा फोटो त्यांना नको होता. त्याच्या पुढच्या रविवारी त्या नव्हत्या. दहाव्याला सगळी माणसं जमलेली असताना रेश्मा तुला म्हणाली, "तुमच्या त्या जुन्या औषधापायी आईचा शेवटचा फोटोसुद्धा नाही. माझा फोनही काढू दिला नाहीत." तू खाली मान घालून बसलास. मी तुझ्या शेजारी बसलो होतो, माझा गुडघा तुझ्या गुडघ्याला लागत होता. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी भातावर वरण घेतलं आणि कालवत राहिलो.

त्यानंतरची पहिली कार्यशाळा आठव. त्या दिवशी डबा पहिल्यांदा आला. त्याच महिन्यात चौकटही सुरू झाली आणि पहिली चूक तू स्वतःची दिलीस. मीच ती टाइप केली. आज तो अंक समोर ठेवलाय. "जुनं औषध वापरल्याने बायकोचा रोल कोरा आला. ओळखायची खूण: औषध गेलेलं असेल तर फिल्मच्या कडेचे आकडेही नीट दिसत नाहीत. ते आकडे कारखान्यातच घातलेले असतात, पण उमटतात औषधानेच." मी शुद्धलेखन तपासलं, एक अनुस्वार घातला आणि छापून टाकलं. ती फिल्म मी बघितलेली नव्हती. बघायची माझी हिंमतच नव्हती.

गेल्या सोमवारी रेश्माने मला बोलावलं. तुझं दुकान आवरायचं होतं. तुझ्या टेबलावर एका कॅमेऱ्याचं पोट उघडं होतं, स्क्रू झाकणात मांडलेले, ते आम्ही तसेच ठेवले. खालच्या कपाटात निगेटिव्हच्या फायली निघाल्या. रेश्मा एकेक पाकीट वाचत होती. एका पाकिटावर तुझं बारीक अक्षर: "झाई. कमल आणि मी. फोटो वसंताने काढले."

आत सहा पट्ट्या, प्रत्येकीत सहा चौकटी, नीट कापून, बटर पेपरात ठेवलेल्या. रेश्मा म्हणाली, "काका, ही कोरी फिल्म बाबांनी कशाला जपून ठेवली?" तिने पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. "काहीच नाहीये हो. नुसते आकडे आहेत. एक, दोन, तीन."

मी चष्मा लावला. आकडे होते. एकपासून छत्तीसपर्यंत, काळेभोर, स्वच्छ. औषधाला काहीही झालेलं नव्हतं.

तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ओली फिल्म हातात घेतलीस त्या क्षणापासून. तू आकडे वाचलेस, तुला सगळं कळलं आणि मग सकाळी माझ्या दुकानात येऊन, मी बोलतोय का हे बघून, मी बोलत नाही म्हटल्यावर दोष औषधावर ढकललास. खूण कशी ओळखायची हेही माझ्याच हाताने टाइप करवून घेतलंस. आणि मग दर महिन्याला, सात वर्षं, चष्मा कपाळावर सारून विचारत राहिलास. या वेळी तुझी घालू या का, वसंता?

मला तुझा रागही आला, हे लिहिलंच पाहिजे. एवढा मोठेपणा कशाला करायचा? माझी कॉलर धरायचीस एकदा. दोन मुस्कटात द्यायच्यास. मी रडलो असतो, पाया पडलो असतो आणि संध्याकाळी आपण चहा प्यायलो असतो. त्याऐवजी लेकीचा राग अंगावर घेतलास आणि माझी वाट बघत बसलास. माझ्यासारख्याची वाट बघायची नसते, एवढंही तुला कळू नये!

मग राग गेला आणि दुकानात उभ्या उभ्या एवढंच वाटलं, की आपल्याला असा मित्र होता आणि आपण त्याला हे एकदाही सांगितलं नाही.

रेश्मा विचारत होती, "काय झालं काका?"

मी म्हणालो, "काही नाही. जाऊ दे."

हो. परत तेच.

इथपर्यंत लिहिलं आणि मी उठलो. शटर ओढलं. हा कागद घडी करून खिशात घातला आणि तुझ्या घरी गेलो. भर दुपार होती, रेश्मा वापीला परत जायची बॅग भरत होती. मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडच्यातिकडच्या गप्पा सुरू झाल्या असत्या, मला मी ओळखतो. उभ्यानेच सांगितलं. कॅप, पन्नास पावलं, खिशातून काढून परत लावलेली कॅप, सगळं. बोलता येईना तिथे कागद वाचून दाखवला.

ती हातातली साडी तशीच धरून ऐकत होती. ती बॅगेवर ठेवून म्हणाली, "आई त्या दिवशी सारखी मागे वळून बघत होती. रिक्षात बसेपर्यंत. तिला अजून थोडं थांबायचं होतं." मग म्हणाली, "तुम्ही एक हाक मारायची होती, काका."

मी म्हटलं, "चुकलो."

"बाबांना ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी सात वर्षं त्यांना फोन करायचे तो कामापुरता. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, ठेवते. दिवाळीला यायचे ती एका दिवसापुरती. ते म्हणायचे, राहा ना गं. मी म्हणायचे, ड्यूटी आहे." ती हे माझ्याकडे न बघता बोलत होती. "ड्यूटी नसायची."

ती आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही, आपण जावं. मी चप्पल घातली तेवढ्यात ती आली. हातात ते पाकीट होतं. खिडकीशी बसली, पहिली पट्टी उजेडात धरली आणि एक या आकड्यावर बोट ठेवलं.

"यात काय होतं?"

मला आधी कळलंच नाही.

"तुम्ही बघितलंत ना सगळं त्या खिडकीतून? मग सांगा. एकमध्ये काय होतं?"

मी चप्पल काढून तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिला सांगितलं, की एकमध्ये तुझी आई खुर्चीत बसतेय, अजून नीट बसलेली नाही, एक हात मामाच्या खांद्यावर आहे. दोनमध्ये पदर सारखा करतेय. तीनमध्ये हसतेय, पडलेला दात दिसतोय. पाचमध्ये तू गजरा नीट करतेयस. अकरामध्ये ती बाबांच्या शर्टाचं वरचं बटण लावतेय आणि बाबा अवघडून उभे आहेत. ती एकेका आकड्यावर बोट सरकवत होती. तेराव्याला मला आठवेना. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, ती मला चांगली जमते. मी म्हटलं, "हा आठवत नाही, बाळ." तिने मान हलवली आणि बोट चौदावर नेलं.

एकोणिसाव्यात, हरेश, तू वहिनींना सुके बोंबील हुंगायला दिलेस आणि त्यांनी डोळे मिटले. पंचविसाव्यात रेश्माचं डोकं आईच्या मांडीवर. ते सांगताना ती रडायला लागली, पण बोट तिने उचललं नाही. छत्तिसाव्यात तुम्ही दोघं समुद्राकडे तोंड करून, पाठमोरे. वहिनींचा हात तुझ्या पाठीवर, आणि तो हात तुला थोपटतोय, जसं काही आजारी तूच आहेस.

तिने पट्ट्या परत पाकिटात घातल्या. मला माफ केलं, असं ती म्हणाली नाही. चहाही विचारला नाही, आणि बरोबरच केलं. मी उठलो तेव्हा तिने टेबलाखालून चिकूच्या चिप्सचा डबा काढून माझ्या हातात दिला. दुकानातून तिनेच आणून ठेवला होता. "रविवारी लागेल ना वेवजीला," ती म्हणाली. मग दारात आली आणि म्हणाली, "हे छापा, काका. आणि नाव पूर्ण लिहा. बाबांचा नियम आहे."

डबा आता मशीनवर ठेवलाय. आत एकच कॅप आहे, तुझी. रविवारी तिच्या शेजारी पहिली माझी पडेल. तू सात वर्षं विचारत होतास, हरेश. उशीर झाला, फार झाला. पण चौकट भरली.

या महिन्याची चूक

मित्राने बायकोसोबतचे फोटो काढायला विश्वासाने कॅमेरा दिला. मी भिंगावरची कॅप न काढता छत्तीस फोटो काढले. ते लगेच लक्षात आलं, तरी सांगितलं नाही.

ओळखायची खूण: फिल्म कोरी, पण कडेचे आकडे एकपासून छत्तीसपर्यंत स्वच्छ दिसतात. औषधाचा काही दोष नाही.

वसंत जनार्दन पाटील